सड्यावरचा गेंडा

आपल्या राजकीय चर्चेत सगळ्यात जास्त राबवून घेतलेला प्राणी कुठला? वाघ म्हणाल तर चुकलात. गेंडा. रस्ता तीन वर्षं उकरून ठेवला की अधिकारी 'गेंड्याच्या कातडीचे'. पाण्याचा टँकर आला नाही की पुढारी 'गेंड्याच्या कातडीचे'. अग्रलेख असो, मोर्चातलं भाषण असो, कट्ट्यावरच्या गप्पा असोत, हा प्राणी हजर.

गंमत अशी की आपल्यातल्या बहुतेकांनी तो राणीच्या बागेत किंवा टीव्हीवरच बघितलाय. रानातला गेंडा बघायचा तर आज आसाम, उत्तर बंगाल, दुधवा नाहीतर नेपाळ गाठावं लागतं. म्हणजे इथून दीड-दोन हजार किलोमीटर. मग एवढ्या लांबचा प्राणी मराठी माणसाच्या तोंडी इतका घरच्यासारखा कसा काय बसला?

एक सरळ उत्तर आहे: ढाल. गेंड्याच्या कातड्याची ढाल ही जुन्या काळी भारतभर नावाजलेली वस्तू होती. हलकी, चिवट, तलवारीचा वार झेलणारी. त्यामुळे गेंडा बघितला नसला तरी त्याचं कातडं सरदारांच्या घरोघरी होतं. म्हण तिथून आली असणार, आणि ती टिकली.

पण मला आज सांगायचंय ते दुसरंच. गेंड्याशी आपलं नातं ढालीपेक्षा खूप जुनं आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, जांभ्या दगडात, ज्या माणसांना ढाल तर सोडाच, धातू म्हणजे काय हेही ठाऊक नसावं, अशा माणसांनी प्राणी कोरून ठेवलेत. त्यात हत्ती आहेत, वाघ आहेत, आणि अभ्यासकांनी गेंडा म्हणून ओळखलेल्या आकृतीही आहेत. कोकणात. जिथे आज हापूस आणि काजू आहे, तिथे.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटचा मुद्दा तुमच्या-माझ्या ग्रामपंचायतीपर्यंत येतो.

आधी शहामृग

'कोकणात गेंडा' हे ऐकून ज्यांना हसू आलं असेल त्यांच्यासाठी आधी शहामृगाची गोष्ट सांगतो.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांमुळे बऱ्याच जणांना माहीत असेल. तिथे १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. दगडी हत्यारं मिळाली, ते अपेक्षितच होतं. पण त्यासोबत शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्या कवचाचे भोक पाडून केलेले मणी मिळाले. आणि एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती.

वय किती? सुमारे २५ हजार वर्षं. हा अंदाज नाही. अंड्याच्या कवचात कार्बन असतो, त्यामुळे त्याची कालगणना प्रयोगशाळेत करता येते. म्हणजे खानदेशात २५ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून शहामृगाच्या अंड्याचे मणी ओवत होतं. आपल्या राज्यातला हा सगळ्यात जुन्या दागिन्यांपैकी एक.

तरीही शंका होती. खरंच शहामृग की दुसराच एखादा मोठा पक्षी? २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थान-मध्य प्रदेशात सापडलेल्या अशाच जुन्या कवचांमधून डीएनए काढला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. वाद मिटला.

आता हत्ती बघा. नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वर पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. पण तिथेच गोदावरीच्या गाळात शंभरेक वर्षांपूर्वी एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली होती. भूगर्भशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये तिच्यावर लिहिलं. हा आजचा हत्ती नव्हे. 'पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस' म्हणून ओळखली जाणारी ही जात पृथ्वीवर होऊन गेलेल्या सगळ्यात मोठ्या भूचर सस्तन प्राण्यांत गणली जाते. नाव नर्मदेवरून पडलं, पण फिरत होता तो गोदाकाठीही.

तर मंडळी, ज्या मातीत शहामृग आणि महाकाय हत्ती होते, तिथे गेंडा असण्यात अचंबा वाटण्यासारखं फार काही नाही.

हाड, मुद्रा, नाणं

गेंड्याचा पुरावा तसा चहूकडे विखुरलेला आहे. जरा क्रमाने घेऊ.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचं ठिकाण आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी १९४० च्या दशकात तिथे खणायला सुरुवात केली. वाळूच्या टेकाडांत मध्याश्मयुगातल्या शिकारी माणसांची वस्ती निघाली. त्यात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं, आणि त्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या. दगडाची बारीक पाती घडवताना खाली ठेवायला त्या लोकांनी ते हाड ऐरणीसारखं वापरलं होतं. आज जिथे गवताच्या काडीसाठी गुरं वणवण फिरतात, तिथे तेव्हा गेंडा चरत होता. गेंड्याला लागतं काय? उंच गवत, डबकी, चिखल. म्हणजे तेव्हाचा उत्तर गुजरात किती ओला असेल, ते हे एक हाड सांगून जातं.

भीमबेटकाच्या चित्रांत गेंडा आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तर तो इतक्या बारकाईने आलाय की कातडीच्या घड्या मोजता येतात. सिंह मात्र त्या मुद्रांवर दिसत नाही. आपण 'सिंह म्हणजे भारत' म्हणतो खरं, पण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना गेंडा जास्त जवळचा होता.

आणि मग आपलं दायमाबाद. अहिल्यानगर जिल्हा, श्रीरामपूर तालुका, प्रवरेचा काठ. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना चार जड वस्तू सापडल्या. काशाच्या, भरीव. एक रथ आणि त्यावर उभा माणूस, पुढे बैलांची जोडी. एक हत्ती. एक रेडा. आणि एक गेंडा. चारही मिळून वजन ६० किलोहून जास्त. हत्ती, रेडा आणि गेंडा चाकांच्या पाटावर बसवलेले, म्हणजे ओढत नेण्यासारखे. मिरवणुकीत नेत असतील का? पूजेत असतील का? बहुतेक तसंच काहीतरी. या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, असं म. के. ढवळीकरांसारखे अभ्यासक मानत. धातूच्या घडणीवरून त्यावर आक्षेपही घेतले गेले. कारण त्या मातीच्या ठरावीक थरात, उत्खननात निघाल्या नाहीत, शेतात निघाल्या. पुढे दायमाबादला मोठं उत्खनन झालं. ते कुणी केलं? पाटणेवाल्या साळींनीच.

मला या गोष्टीत कायम त्या शेतकऱ्याचं नवल वाटतं. साठ किलो धातू. भंगारवाल्याकडे गेला असता तर त्या वर्षाची चिंता मिटली असती. तो धातू आज आपल्याला बघायला मिळतो.

पुढे गुप्तकाळ. पाचव्या शतकातल्या पहिल्या कुमारगुप्ताचं एक सोन्याचं नाणं आहे. राजा घोड्यावर, हातात तलवार, समोर गेंडा. त्यावर राजाला 'खड्गत्राता' म्हटलंय. खड्ग म्हणजे तलवार आणि खड्ग म्हणजे गेंडाही. राजाने गेंड्याची शिकार केली आणि कवीने शब्दाची. संस्कृतात गेंड्याला खड्ग म्हणत, ते त्याच्या शिंगावरून. बौद्धांच्या 'सुत्तनिपात'मध्ये एकट्याने वाट चालणाऱ्या साधकाला याच प्राण्याची उपमा दिलीय, कारण गेंडा कळपात राहत नाही.

मनुस्मृतीत कुठलं मांस खावं याची यादी आहे. पाच नखांच्या प्राण्यांपैकी खाण्याजोगे जे सांगितलेत त्यात साळिंदर, घोरपड, कासव, ससा यांच्यासोबत गेंडा आहे. आता गेंड्याच्या पायाला बोटं असतात तीन! म्हणजे एक तर यादी करणाऱ्याने गेंड्याचा पाय नीट बघितला नव्हता, नाहीतर तोवर गेंडा इतका दुर्मिळ झाला होता की तो ऐकीव माहितीत जमा झाला होता. मला दुसरी शक्यता जास्त पटते.

बाबराने मात्र बघितला होता. १५१९ मध्ये पेशावरच्या बाजूला त्याने गेंड्याची शिकार केली आणि आपल्या आठवणींत प्राण्याचं वर्णनही लिहून ठेवलं. पाचशे वर्षांपूर्वी सिंधूच्या पलीकडे गेंडे होते. आज तिथे त्याचा मागमूस नाही.

गोव्याहून निघालेला गेंडा

याच सुमाराची एक गोष्ट आपल्या शेजारी घडली.

१५१४ मध्ये गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क बसलेला. त्याला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे त्याने वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला, पण मान राखायला भेटी पाठवल्या. त्यात एक जिवंत गेंडा होता. हा पाहुणा गोव्यात आला. आता एवढं जनावर ठेवायचं कुठे आणि खायला घालायचं काय? अल्बुकर्कने तो आपल्या राजाला नजर करायचं ठरवलं आणि १५१५ च्या जानेवारीत त्याला जहाजावर चढवलं. सोबत त्याचा भारतीय राखणदार. २० मे १५१५ ला गेंडा लिस्बनला उतरला.

रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर आलेला हा पहिला जिवंत गेंडा. लोकांची झुंबड उडाली. गेंडा आणि हत्ती जन्माचे वैरी, असं जुन्या रोमन ग्रंथांत लिहिलेलं होतं. राजा मॅन्युएलने खरंखोटं करायला दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती पळून गेला! पुढे राजाने हा गेंडा पोपला भेट म्हणून रोमकडे पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडलं. साखळदंडांनी जखडलेला गेंडा बुडाला. गेंडा एरवी उत्तम पोहतो, पण साखळ्यांचं काय करणार?

इथपर्यंतची गोष्ट करुण आहे. खरी कमाल पुढे आहे.

जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा मोठा चित्रकार होता. त्याने हा गेंडा कधीच बघितला नाही. लिस्बनहून आलेलं एक पत्र आणि एक साधं रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. कातडीच्या घड्यांची त्याने चिलखताची पानं केली. मानेजवळ एक छोटं जादा शिंग बसवलं, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. हे चित्र इतकं गाजलं की पुढची अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणून तेच छापलं जात होतं. आजही त्या चित्राच्या प्रती लंडनसारख्या शहरांतल्या संग्रहालयांत काचेमागे, नियंत्रित तापमानात ठेवलेल्या आहेत.

थांबा. आता हे आणि ते शेजारी ठेवून बघा.

न बघता काढलेला गेंडा जगभर जपला जातोय. आणि ज्यांच्या अवतीभवती हे प्राणी वावरत होते, त्या माणसांनी स्वतःच्या हाताने कोरलेला गेंडा आपल्या सड्यावर उघडा पडलाय. त्यावरून डंपर जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

कातळ काय सांगतो

कोकणाबाहेरच्या मित्रांसाठी थोडं समजावतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट जांभ्या दगडाचं पठार. मैलोन्‌मैल कातळ, माती नावाला. पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा असतो, उन्हाळ्यात तवा. जांभ्याचं वैशिष्ट्य म्हणजे हवा लागली की त्याचा वरचा थर कडक होत जातो, आतला त्या मानाने मऊ राहतो. वरचं कवच फोडलं की दगडाच्या हत्यारानेही रेघ खोदता येते. काही सेंटिमीटर खोल अशा या रेघा आहेत. पण आकृती मोठ्या. इतक्या मोठ्या की जवळ उभं राहिलं तर कळतच नाही आपण काय बघतोय. माती आणि गवत साचलेलं असतं, झाडूने साफ केलं की हळूहळू प्राणी उमटतो.

गावकऱ्यांना यातली काही ठिकाणं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. कुठे पांडवांनी एका रात्रीत काढलेली चित्रं, कुठे देवाची जागा. कुडोपीच्या माळाला लोक 'बावल्यांचं टेंब' म्हणतात, म्हणजे बाहुल्यांचं. नाव कधी पडलं कुणालाच सांगता येणार नाही, पण नाव ठेवणाऱ्याने त्या आकृती बघितल्या होत्या एवढं नक्की. पांढरपेशा जगाला याचा पत्ता उशिरा लागला. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी २००१ मध्ये हिवाळे इथली शिल्पं आणि २०१२ मध्ये कुडोपीची शिल्पं उजेडात आणली. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घातले. गुराख्यांना विचारत, गावोगाव फिरत, पदरमोड करून. यांतलं कुणी सरकारी पगारावर शोधायला नेमलेलं नव्हतं. आज सत्तरेक ठिकाणी मिळून दीड हजारांहून जास्त आकृतींची नोंद झालीय, ती मुख्यतः अशा लोकांमुळे.

कशेळीचा हत्ती बघा. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. दोन एसटी बस शेजारीशेजारी लावल्या तरी पुरून उरेल. आणि त्या हत्तीच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेत. त्यात मुशी आहे, पाकट आहे, कासव आहे. म्हणजे रानातलाही प्राणी आणि समुद्रातलाही, एकाच चित्रात. ज्याने हे केलं तो दोन्हीकडे वावरणारा होता.

काय नाही, तेही बघण्यासारखं आहे. नांगर नाही. शेत नाही. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, शेतीची खूण नाही, म्हणून ही शिकार करून जगणाऱ्या समाजाची निर्मिती असावी, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची. दगडातल्या रेघेत कार्बन नसतो, त्यामुळे पाटण्याच्या कवचासारखं वय थेट काढता येत नाही. आसपास सापडणारी सूक्ष्म दगडी हत्यारं, चित्रांची धाटणी, आणि चित्रातले प्राणी यांवरून माग काढावा लागतो. म्हणूनच तो गेंडा महत्त्वाचा. तो नुसतं चित्र नाही, साक्षीदार आहे. गेंडा कोकणात कधी राहू शकत होता हे कळलं, तर ही माणसं कधी होती हे कळायला मदत होईल.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. रत्नागिरीचा किनारा तेव्हा बराच पश्चिमेला होता. आज जिथे ट्रॉलर फिरतात, तिथे जमीन होती. नंतर बर्फ वितळलं, हजारो वर्षांत पाणी चढत आलं. म्हणजे त्या काळच्या माणसांच्या वस्त्या, प्राण्यांची कुरणं, यांतलं बरंच काही आज अरबी समुद्राखाली असणार. सडा उंचावर होता म्हणून उरला. कुणी सांगावं, बुडालेल्या त्या अख्ख्या जगाचं एवढं एकच दफ्तर आपल्या हातात असेल.

आणि हो, देवाचे गोठणे इथल्या आकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते, यावरून व्हॉट्सअॅपवर परग्रहवासी उतरल्याचे मेसेज फिरतात. जांभ्यात लोखंड ठासून भरलेलं असतं, बाबांनो. त्याचा लाल रंग त्याच लोखंडाचा. आपल्या पूर्वजांचं श्रेय उडत्या तबकडीला देऊ नका.

आता आजचं बोलू

२०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यात कुशावतीच्या काठचं फणसाईमळ. बातम्या आल्या, फलक लागले, आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या. मीही टाकली.

पण संभाव्य यादी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ती त्या त्या देशाने दिलेली इच्छुकांची यादी असते. तिने कुठल्याही दगडाला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. उलट खरं नामांकन पाठवायचं तर आधी आपण दाखवावं लागतं की या जागांना कायद्याने संरक्षण आहे, भोवती मोकळा पट्टा राखलाय आणि देखभालीचा आराखडा तयार आहे. म्हणजे चेंडू आपल्याच अंगणात आहे.

कायदे आहेत का? आहेत. केंद्राचा १९५८ चा आहे, राज्याचा १९६० चा आहे. पण हे कायदे अधिसूचना काढून संरक्षित जाहीर केलेल्या जागेलाच लागू होतात. बाकीच्या शेकडो आकृती कागदोपत्री काय आहेत? सातबारा काढून बघा. पोटखराबा. पिकाला नालायक जमीन. ज्या कागदावर दहा हजार वर्षांच्या इतिहासाला 'खराबा' म्हटलंय, त्या कागदाच्या आधारे तिथे चिरेखाणीची परवानगी मिळते, रस्ता जातो, जेसीबीने कलमांसाठी खड्डे मारले जातात. कुणी मुद्दाम वाईटपणा करतो असं नाही. त्या चौकोनात काय आहे, हे कागदाला माहीतच नाही.

बारसूचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलाय. सिंधू मुद्रांवरही अशीच आकृती येते, त्यामुळे देशभरच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलंय. नाणारचा रिफायनरी प्रकल्प २०१९ मध्ये मागे पडल्यावर पर्याय म्हणून बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायाबापड्या गाड्यांसमोर रस्त्यावर आडव्या झाल्या, मोठा पोलिस बंदोबस्त लागला, आंदोलकांना ताब्यात घेतलं गेलं. ते सगळं आपण बघितलं.

इथे मला कुणा एका पक्षाचं बोलायचं नाही. ज्या पक्षाने एका गावात विरोध केला त्यानेच दुसऱ्या गावाचं नाव सुचवलं, आणि ज्यांनी आधी आणलं ते नंतर गप्प बसले, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. रिफायनरी हवी की नको, यावर माझं मत आहे, तुमचंही असेल. कोकणातला पोरगा मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याला गावात नोकरी हवी, हे मागणं खोटं नाही. पण एक प्रश्न दोन्ही बाजूंना विचारतो. ज्या सड्यावर काय काय आहे याची पूर्ण मोजणी झालेली नाही, त्याचा निर्णय आपण कशाच्या जोरावर घेतो? घर विकायला काढतानाही आपण माळ्यावर काय आहे ते एकदा बघतो.

आणि हे फक्त रिफायनरीपुरतं नाही. रोजच्या चिरेखाणी, प्लॉटिंग, फार्महाऊस, रस्त्याचं रुंदीकरण, याविरुद्ध मोर्चा निघत नाही, कॅमेरे येत नाहीत. तिथे सड्याचं नुकसान गुपचूप होतं, आणि ते जास्त होतं.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगतो.

पहिलं, मोजणी. प्रत्येक सड्याची गट नंबरासह नोंद, आणि ती नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात. तलाठ्याच्या दफ्तरात ती दिसली की खाणीचा अर्ज आपोआप अडेल. यासाठी युनेस्को लागत नाही, जिल्हाधिकारी पुरतात.

दुसरं, जमीनमालकाचा विचार. बरेचसे सडे खासगी आहेत, सामाईक आहेत. 'तुझ्या जमिनीत वारसा निघाला, आता हात लावू नको' एवढंच सांगून आपण निघून गेलो, तर पुढचा शेतकरी आकृती सापडली की रातोरात त्यावर माती ओढेल. आणि त्याला दोष कसा देणार? त्याला भाडं द्या, मोबदला द्या, वाटाड्याचं काम द्या. दायमाबादच्या त्या शेतकऱ्याचा प्रामाणिकपणा प्रत्येकाने फुकट दाखवावा ही अपेक्षा बरी नव्हे.

तिसरं, गाव. उक्षीत लोकसहभागातून हत्तीचं शिल्प राखलं गेलं. गावाने ठरवलं तर होतं, हे तिथे दिसतं. ग्रामसभेत एक ठराव करायला किती वेळ लागतो?

चौथं, आपण. बघायला जरूर जा. पण चप्पल काढून, रेघांवर पाय न ठेवता, गावच्या माणसाला सोबत घेऊन आणि त्याला त्याचे पैसे देऊन. आकृती फोटोत उठून दिसावी म्हणून त्यात चुना किंवा खडू भरू नका.

आसामात काय झालं ते सांगून थांबतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकशिंगी गेंडे जगात दोनशेच्या आसपास उरले होते. काझीरंगात तर बोटांवर मोजण्याइतके. १९०५ मध्ये तिथे राखीव जंगल करायला घेतलं. २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले. जिवंत गेंडा वाचवता येतो. तो वाढतो, पिल्लं देतो, दोनशेचे चार हजार होतात.

कातळावरचा गेंडा पिल्लं देत नाही. तो एकदा चिऱ्यात कापला गेला की कुणाच्या तरी कुंपणात जाऊन बसेल आणि त्याच्यावर सिमेंटचा गिलावा होईल.

तुमच्या गावच्या सड्यावर असं काही असेल, लहानपणी गुरं चारताना बघितलं असेल, आजीने पांडवांची गोष्ट सांगितली असेल, तर कमेंटमध्ये लिहा. फक्त नेमकी जागा जाहीर लिहू नका, ती आधी पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि पुढच्या ग्रामसभेला आमदार-खासदार येतील तेव्हा रस्ता, पाणी, नोकऱ्या यांच्यासोबत हाही एक प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर कुणाच्या कातडीबद्दल काय म्हणायचं ते आपल्याला माहीत आहेच.

#कातळशिल्प #कोकण #वारसा